मशीनच्या वाटणीचं पाणी

बापू कोणाला नमस्कार करत नसत, हात लावून बघत. दुकानात माणूस आला की उजवा तळवा त्याच्या कपाळाला टेकवायचा, क्षणभर डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "तापलास. बस जरा." मग तो कॅसेट न्यायला आलेला असो की लग्नाची तारीख सांगायला, त्याला बाकावर बसावंच लागे. बायकांना ते लांबूनच "उन्हातून आली का माय?" असं विचारत. एकदा मतं मागायला आलेल्या एका पुढाऱ्याच्या कपाळालाही त्यांनी असाच हात लावला होता. पुढारी फोटोसाठी हसत राहिला आणि बापू म्हणाले, "साहेब, ओट्यावर गार पानी हाय. आधी पिऊन घ्या, मग मतं मागा." पुढारी खरंच पाणी पिऊन गेला.

गोरेगावात जीपच्या थांब्यासमोर बापूंचं दुकान होतं. लग्नाची शूटिंग आणि मिक्सिंग, म्हणजे शूटिंगचे तुकडे जोडून त्यात गाणी घालणं. आधी त्यांच्याकडे खांद्यावर घ्यायचा जुना मोठा कॅमेरा होता आणि दोन व्हीसीआर जोडून ते कॅसेटी तयार करत. मग दोन हजार सालानंतर त्यांनी शेतातली विहीर खोल करायचं लांबणीवर टाकलं आणि कॉम्प्युटर आणला. मी तेव्हा हिंगोलीला जाऊन-येऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि घरी बसून होते. बापू आमच्या घरी आले, माझ्या वडिलांच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "तुमची पोरगी मला पायजे. मशीनपुढं बसवतो. चहा आणायला, झाडू मारायला न्हाई." आई आतून म्हणाली, "जाऊ द्या." अशी मी आमच्या भागातली मिक्सिंग करणारी पहिली मुलगी झाले. हे मी मिरवून सांगते, कारण ते मिरवण्यासारखंच आहे.

बापूंचं वय तेव्हा पन्नाशीकडे झुकलेलं. उंच, वाळका माणूस. उन्हाळाभर डोक्यावर ओला पंचा. पंचा वाळला की बोलता बोलता उठून तो बादलीत बुडवायचा, पिळायचा आणि परत डोक्यावर. पाणी कानामागून गळत असायचं आणि ते गिऱ्हाइकाला सनई कुठे वाजेल आणि फुलं कुठून पडतील ते समजावून सांगत असायचे. लग्नातही त्यांचं शूटिंग जगावेगळं. नवरा-नवरी घेतलेच, पण भांडी घासणाऱ्या बायका, आचारी, मांडवाच्या दोऱ्या धरून बसलेला म्हातारा, हे सगळं त्यांना लागे. रडणाऱ्या माणसाचं तोंड मात्र कॅमेऱ्यात घ्यायचे नाहीत. पाठवणीची वेळ आली की नवरीच्या पाठीमागे जाऊन उभे राहत. लोक तक्रार करत, "बापू, पोरीचं तोंडच न्हाई आलं." बापू म्हणत, "तिचं तोंड तुमाला ठावं हाय. ती काय बघून राहिली ते बघा."

त्यांचं एक वाक्य आमच्या थांब्यावर सगळ्यांना पाठ होतं. "घाई यंत्रानं करावी, माणसानं बसावं." जीप भरायला वेळ लागला की ड्रायव्हर लोकच प्रवाशांना ते ऐकवत.

पण यंत्राला घाई करायला लावायची म्हणजे काय, हे मी बापूंकडेच शिकले. लग्नाचे सगळे तुकडे जोडून, गाणी घालून झाल्यावर त्यातून एक सलग फिल्म तयार करायला मशीनला पुष्कळ वेळ लागायचा. साधारण लग्नाला जवळजवळ एक अख्खा दिवस. मध्येच मशीन अडकलं की पुन्हा पहिल्यापासून. कंपनीने मशीनच्या प्रोसेसरला एक वेग ठरवून दिलेला असतो. आतल्या सेटिंगमध्ये जाऊन तो वेग वाढवता येतो. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, हे बापूंनी कुठल्या तरी इंग्रजी मासिकात एक एक शब्द लावत वाचलं होतं. मी म्हटलं, "बापू, कंपनीनं काही इचार करूनच ठरिवलं आसंल की."

"कंपनीनं सगळ्या जगाच्या लेकरांचा इचार करून ठरिवलं," बापू म्हणाले. "आपलं पोरगं किती पळतं ते आपणच बघावं लागतं, पोरी."

पोरगं चांगलंच पळालं. पण पळणारं तापतं, आणि आमच्याकडचा उन्हाळा तर सावलीतसुद्धा चटके देणारा. प्रोसेसरवर पंखा असतो, तो बापूंना सहन होत नसे. "गरम हवेनं गरम डोकं गार व्हतं का? मे महिन्यात पंखा म्हणजे फुंकणी." मशीन मध्येच बंद पडायचं, पडदा निळा व्हायचा आणि बापू त्याच्यापुढे आजारी जनावरापुढे बसावं तसे उकिडवे बसून राहायचे.

मग एके दिवशी त्यांनी घरचा तांब्याचा बंब कापला.

बंब त्यांच्या आईच्या माहेरचा. म्हातारीला आम्ही सगळे माय म्हणायचो. दुकानाच्या मागेच घर, त्यामुळे बंबावर करवत चालल्याचा आवाज मायच्या कानी गेला आणि ती काठी घेऊनच आली. बापूंनी तोवर बुडाचा जाड पत्रा काढून घेतला होता. त्याची काडेपेटीएवढी चपटी डबी करायची, कल्हईवाल्याकडून ती झाळून घ्यायची, एका बाजूने पाणी आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, आणि ती डबी प्रोसेसरच्या डोक्यावर घट्ट बसवायची, असा बेत. माय सगळं ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "पानी तापवायचा बंब, अन् तू त्यानं गार करून राहिला?"

"व्हय माय. तुजा बंब आता उलटा चालणार."

"तुजं तर सगळंच उलटं," म्हणून म्हातारी निघून गेली. पुढे आठवडाभर ती चुलीवरच्या पातेल्यात पाणी तापवताना मुद्दाम भांडी आपटायची.

डबीला जोडायला गवंडी लोक लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी आणली. पाणी फिरवायला कूलरचा पंप. आता प्रश्न एवढाच उरला की फिरून गरम झालेलं पाणी गार कुठे करायचं. शहरात त्यासाठी जाळी आणि पंखे लावतात, असं त्या मासिकात चित्र होतं. बापूंनी चित्र बघितलं, मासिक मिटलं आणि सेनगावच्या कुंभाराकडून रांजण आणला. चांगला कमरेएवढा. तो ओट्यावर वाऱ्याच्या तोंडाला वाळूत रोवला. मातीतून पाझरून रांजण घामेजतो, वारा तो घाम सुकवतो आणि आतलं पाणी गार होतं, हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. पण या ज्ञानाचा कॉम्प्युटरशी संबंध लावला तो बापूंनी. नळी खिडकीतून बाहेर रांजणात आणि रांजणाच्या तोटीखालच्या डब्यातून पंप परत पाणी आत ढकलणार. पंप रांजणात ठेवला नाही. "माणसाच्या तोंडच्या पाण्यात करंट नगं," म्हणाले.

माणसाच्या तोंडचं म्हणाले, कारण रांजण ओट्यावर ठेवला म्हणजे त्यातलं पाणी लोक पिणारच, हे त्यांना माहीत होतं. आमच्याकडे रस्त्यावर रांजण दिसला की माणूस विचारत नाही, पितो. बापूंनी स्वतःच रांजणाशेजारी खिळा ठोकून लांब दांड्याचं वगराळं टांगून ठेवलं. मी धास्तावले. "बापू, हे मशीनचं पानी हाय. लोक पिऊन टाकतील."

"पिऊ दे. पान्याला न्हाई म्हणायचं नसतं. मशीनच्या वाटणीचं मशीनला उरतंच."

त्यांनी एक रीत पाडली. पिणाऱ्याने प्यावं, आणि जमेल त्याने जमेल तेव्हा घागरभर आणून ओतावं. जीपचे ड्रायव्हर, शेजारचा चहावाला, हापशावरून येणाऱ्या बाया, सगळे ओतत. शिवाय गावात बातमी पसरली की बापूंचं पाणी तांब्यातून फिरून येतं. मग काय विचारता! तांब्याचं पाणी पोटाला चांगलं, म्हणून सकाळी म्हातारे लोक हजर. त्यांच्यात तात्या म्हणून एक निवृत्त तलाठी होते. ते रोज ठरलेल्या वेळी यायचे, दोन वगराळी पाणी प्यायचे, पोटावरून हात फिरवायचे आणि आत डोकावून मला विचारायचे, "मशीन चालू हाय ना? बंद मशीनचं पानी लागू पडत न्हाई मला."

आठ-पंधरा दिवसांनी बापू सगळा रांजण रिकामा करून, नळ्यांतून चिंचेचं पाणी सोडून डबी आतून धुवायचे. तांब्याला चिंचच लागते. त्या दिवशी ओट्यावर पाटी असे: आज चिंच आहे, उद्या या.

पाटी रोजचीही होती. प्रोसेसर किती तापलाय तो आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसायचा. बापू तो खडूने दाराबाहेरच्या फळीवर लिहायचे. शेजारी आडतवाल्याच्या दारावर तुरीचा भाव, आमच्या दारावर मशीनचा ताप. खेड्यांतून आलेली माणसं दोन्ही वाचत. "आज पन्नासच्या खाली हाय," असं कोणी म्हटलं की बापूंची मान ताठ व्हायची. आणि का होऊ नये? नांदेडला ज्या लग्नाला दिवस लागे, ते आमच्याकडे सकाळी लावलं की दुपारपर्यंत निघायचं. लोक विचारायचे की बर्फ का टाकत नाही. बर्फ टाकून बघितला होता. नळ्या इतक्या गार झाल्या की बाहेरून त्यांनाच घाम सुटला, थेंब खाली सर्किटवर पडले आणि एक अख्खा बोर्ड गेला. बापूंनी त्या बोर्डाला हात लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "लई गार बी बरं न्हाई."

आता रंगाची गोष्ट. इतक्या हुशार माणसाने ती चूक कशी केली याचं मला आजही हसू येतं. पण चूक अभिमानातून झाली आणि तो अभिमान माझाही होता.

पाट्या रंगवणारा एक पेंटर होता. त्याच्या भावाच्या लग्नाची फिल्म बापूंनी फार सुंदर करून दिली. त्या खुशीत तो डबे-ब्रश घेऊन आला आणि म्हणाला, "बापू, तुमच्या रांजणाचं नाव झालंय, पर रांजण दिसून राहिला मातकट. सजवतो." आणि त्याने रांजण रंगवला. चांगल्या चकचकीत ऑइल पेंटने, वरपासून खालपर्यंत. निळी जमीन, पांढरी कमळं आणि मध्ये वळणदार अक्षरात: पाणी प्या, दुवा द्या. बापू रस्त्याच्या पलीकडे जाऊन, डोक्यावरचा पंचा नीट करून, कितीतरी वेळ बघत उभे राहिले. मीही बाहेर जाऊन बघितलं. जीपमधली माणसं उतरून बघत होती. मायसुद्धा म्हणाली, "आता कुठं शोभा आली."

त्यानंतर मशीन अडकायला लागलं. फळीवरचा आकडा चढत गेला. आम्ही म्हटलं, मे महिना आहे. डबी काढून बघितली, पंप धुतला, नळ्या झटकल्या. दोनतीन फिल्मा अर्ध्यात मेल्या आणि कामं साचली. त्या साचलेल्या कामांत एक लग्न होतं, ज्याचा शब्द बापूंनी खुद्द नवरीला दिला होता.

मुलगी सेनगावच्या बाजूच्या एका वाडीची, मेंढपाळांच्या घरातली. आई-वडील लहानपणीच गेलेले. थोरल्या भावाने तिला वाढवलं, स्थळ बघितलं, तारीख काढली. आणि लग्नाच्या आठवड्यात त्याच्या मेंढरांत रोग शिरला. रानात कळप सोडून यायचं कसं? रोज औषध पाजायचं, मेलेली दूर करायची. चुलत्याने लग्न लावून दिलं. भाऊ आलाच नाही. पाठवणीच्या वेळी बापू नेहमीप्रमाणे तिच्या मागे उभे होते. ती गाडीत बसता बसता वळली, कॅमेऱ्याकडे नाही, बापूंकडे बघून म्हणाली, "माज्या दादाला दाखवाल नव्हं?" बापूंनी कॅमेरा खाली घेतला. "दाखवीन. बाजारच्या दिशी दुकानात यिऊ दे त्याला." निरोप पोचला होता. कळप त्या बाजारच्या दिवशी आमच्या शिवाराजवळून जाणार होता आणि संध्याकाळी पुढे निघणार होता. मग पाऊस पडेपर्यंत तो भाऊ कुठल्या रानात असेल, कोणाला सांगता येत नव्हतं. आणि रानात कुठला टीव्ही?

बाजारच्या दिवशी सकाळी आम्ही ती फिल्म लावली. थोड्या वेळात अडकली. पुन्हा लावली. पडद्यावरचा आकडा बघून माझ्याच अंगाला घाम फुटला. मी म्हटलं, "बापू, येग कमी करू का? कंपनीच्या येगावर ठेवू. अडकणार न्हाई."

"मग कवा निघंल?"

"उद्या."

"उद्या तो कुठं हाय?" बापू म्हणाले, आणि उठून ओट्यावर गेले.

मी खिडकीतून बघत होते. त्यांनी सवयीने रांजणाच्या पोटाला तळवा लावला. डोळे मिटले. मग हात काढून तळव्याकडे बघितलं, परत लावला. नंतर दोन्ही हातांनी रांजण चाचपायला लागले, वर, खाली, मागून. आत आले ते हात पुढे करूनच. "कोरडा," म्हणाले. "हात कोरडा हाय, पोरी. रांजणाला घामच न्हाई. रंगानं त्याची सगळी भोकं बुजवून टाकली. आपणच त्याचं तोंड दाबून धरलंय अन् म्हणून राहिलो काहून गुदमरतो."

त्यांनी वीट घेऊन रंग घासायला सुरुवात केली, पण पेंटरने काम इमानदारीने केलं होतं. निघेना. ओली पोती गुंडाळली, पण एवढा तापलेला रांजण निवायला वेळ लागणार. नळाचा तो दिवस नव्हता, हापसा उन्हाने आटून नुसती हवा ओढत होता, आणि बाजाराची गर्दी तर येता-जाता रांजणातलं पाणी पीत होती. पातळी खाली चालली होती. तेव्हा बापूंनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. खिळ्याला टांगलेलं वगराळं काढलं, आत आणून टेबलाखाली ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "लाव परत."

मी तिसऱ्यांदा फिल्म लावली. तात्या त्यांच्या वेळेला आले, खिळा रिकामा बघून ओरडले, "बापू, पानी बंद केलं का?" बापूंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तात्या पुटपुटत चहाच्या दुकानाकडे गेले आणि तिथून त्यांचा आवाज आम्हाला ऐकू येत राहिला. बापूंच्या डोक्यावरचा पंचा वाळून कडक झाला होता, तोही ते बुडवत नव्हते.

दुपार चढली तसा एक माणूस ओट्यावर येऊन बसला. खांद्यावर घोंगडी, बरोबर दोन शेळ्या. दारातून म्हणाला, "भैनीचं लगीन बघाया आलोय." मी म्हटलं, "बसा दादा, होऊन राहिलं." तो बसला. बराच वेळ बसला. फिल्म निम्म्याच्या पुढे गेली होती आणि आकडा, फिल्म दोनदा जिथे अडकली होती, तिथे पुन्हा पोचत आला होता.

बापू रांजण बघायला बाहेर गेले आणि सवयीने त्यांचा हात त्या माणसाच्या कपाळाला गेला. "तापलास," ते म्हणाले. मग त्याच्या ओठांकडे बघून विचारलं, "पानी पिला का?"

"न्हाई."

"काहून?"

"वगराळं दिसलं न्हाई. म्हणलं मशीनपुरतं आसंल. होऊ द्या त्याचं." हे त्याने इतक्या साधेपणाने म्हटलं की त्यात बोल लावल्याचा भासही नव्हता.

बापू आत आले, टेबलाखालून वगराळं काढलं, जाता जाता मला म्हणाले, "बंद पडलं तर पडू दे." बाहेर जाऊन त्यांनी वगराळं भरलं आणि त्या माणसाच्या ओंजळीत स्वतः धार धरली. पाणी कोमट असणार. तो घटाघटा प्याला. मग बापूंनी वगराळं परत खिळ्याला टांगलं आणि दोन शेळ्यांसाठीही डब्यात पाणी काढलं. त्यांचे डोळे भरून आले होते. मी ते त्याआधी कधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही.

चहाच्या दुकानातून तात्यांनी हे सगळं बघितलं. ते तरातरा आले. "हे काय चाललंय?"

"तात्या, रंगानं घात केला," बापू म्हणाले. "रांजणाची भोकं बुजली. पानी गार व्हत न्हाई, अन् मी लोकांचं तोंडचं पानी तोडलं. मशीन बंद पडणार आता. ह्या माणसाला भैनीचं लगीन दाखवायचा शब्द दिला व्हता."

तात्यांनी एकदा त्या मेंढपाळाकडे बघितलं, एकदा रांजणाकडे, आणि चालते झाले. मला वाटलं रागावून गेले. थोड्या वेळाने बघते तर तात्या, ज्यांनी नोकरीभर स्वतःची छत्रीसुद्धा स्वतः धरली नाही असं लोक म्हणत, ते घरचा माठ खांद्यावर घेऊन येत होते. झरझर पाझरणारा, ओलाचिंब माठ. "वत ह्यातलं," म्हणाले. "घरच्यांना सांगितलंय, आज संध्याकाळपर्यंत तहान धरा."

मागून माय आली, तिच्याही कमरेवर माठ. मुलाकडे न बघता म्हणाली, "माज्या बंबाची लाज राखायची म्हणून आणलाय." मग चहावाला, आडतवाला, बांगड्यावाली. आमच्याकडे उन्हाळ्यात प्रत्येक दुकानामागे एक माठ असतोच. ते एक एक करून रस्त्यावर आले. मी पडद्यापुढून ओरडून आकडा सांगत होते आणि बाहेर लोक तो पुढे पोचवत होते. बापूंनी परतीची नळी रांजणातून काढून बादलीत सोडली. गार पाणी पंपाच्या डब्यात ओतायचं आणि तापून आलेलं बादलीत. तापलेली बादली जीपवाल्यांनी रेडिएटरमध्ये रिचवली, उरलं ते बाजारातल्या जनावरांना. बर्फाचा गोळा विकणाराही धावत आला, त्याला बापूंनी हात जोडून परत पाठवलं.

आणि या सगळ्यात माठ उचलून डब्यात ओतायचं काम कोणी करावं? तो मेंढपाळ घोंगडी बाजूला टाकून केव्हाच उभा राहिला होता. बापू म्हणाले, "तू बस. पाव्हणा हायस."

"न्हाई बापू, करू द्या," तो म्हणाला. "भैनीच्या लग्नात पंगतीला पानी वाढायचं माजं ऱ्हाऊन गेलंय."

बांगड्यावालीने पदर डोळ्यांना लावला. तो वाकून वाकून पाणी ओतत राहिला, एक थेंब बाहेर न सांडता, आणि आत आकडा थांबला. मग एक-एक करत उतरायला लागला. मध्ये एकदा लाइट गेली, तेव्हा इन्व्हर्टरच्या बॅटरीवर निभावलं. ऊन कलायच्या आत फिल्म तयार झाली. मी बाहेर येऊन "निघाली!" म्हणून सांगितलं तेव्हा थांब्यावरच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. आपलं काम इतक्या लोकांनी उचलून धरलेलं मी पुन्हा कधी बघितलं नाही, आणि त्या वेळी पडद्यापुढे मी बसले होते.

बापूंनी त्याला मशीनपुढे माझ्याच खुर्चीवर बसवलं. तो काठावर बसला, हात गुडघ्यांत धरून. हळद लागली, मांडव दिसला, चुलता दिसला. नवऱ्याचा कान पिळायची वेळ आली. कान नवरीच्या भावाने पिळायचा असतो. तो मान चुलत भावाला मिळाला होता आणि त्याने लाजत लाजत नवऱ्याच्या कानाला नुसता हात लावला. मेंढपाळ पहिल्यांदा हसला. "असा पिळतेत का? मी आसतो तर पाव्हणा वरडला आसता." मग म्हणाला, "परत दाखवता का? पर हळू."

ज्या माणसाने मशीन पळवण्यासाठी आईचा बंब कापला होता, त्याने पुढे वाकून फिल्मचा वेग निम्मा केला. मग त्याच्याही निम्मा. चुलत भावाचा हात हळूहळू उठला, कानाकडे गेला, आणि खुर्चीवरच्या माणसाचा हातही मांडीवरून थोडा उचलला गेला. पाठवणी आली. नवरीची पाठ दिसत होती आणि तिच्या पलीकडे डोंगराची वाट. ती त्या वाटेकडे बघत होती. बापूंनी तो भाग असा काही हळू केला की तिचं ते बघणं संपतच नव्हतं. कोणीही "उशीर होतोय" म्हणालं नाही. दारात तात्या, माय, चहावाला उभे होते. रानात कळप त्याची वाट बघत होता.

तो उठला, घोंगडी खांद्यावर टाकली. ओट्यावर येऊन त्याने स्वतः वगराळं घेतलं आणि गावभरच्या माठांतलं उरलेलं पाणी पोटभर प्याला. तोंड पुसलं. "आता गार हाय," म्हणाला, आणि शेळ्या घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बापूंनी रंग जाळून, घासून काढला. कमळं गेली, पण "दुवा द्या" पुरतं पुसलं गेलं नाही. पुढच्या वर्षांत जास्त वेगाची मशीनं आली, पंखे सुधारले, लोक हिंगोलीहून नवे कॉम्प्युटर आणायला लागले. रांजणाचं मशीन बघायला लांबून येणारे मात्र थांबले नाहीत. कॉलेजची मुलं यायची, वही काढायची आणि विचारायची, "बापू, जास्तीत जास्त गार किती झालं होतं हे? आकडा सांगा ना."

सगळे आकडे त्यांना तोंडपाठ होते. पण ते ओल्या पंच्याखालून हसायचे, मुलाच्या कपाळाला हात लावायचे, वगराळं भरून त्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "आकडा कशाला? एका मेंढपाळानं पिऊन सांगितलंय, गार हाय."